तिसऱ्या परातीचे तुरे

मेहकरहून निघालेली सर्व्हिस मोटार दुसरबीडपर्यंत कशीबशी आली, आणि तिथं जी फुसफुसली ती थांबलीच. ड्रायव्हरनं पुढचं झाकण उघडलं तर वाफेचा हा लोट! उतारू कुरकुरत लिंबाच्या सावलीला पांगले. नवरात्रातली सातवी माळ, आश्विनाचं ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही. अशा उन्हात एक मुलगी मात्र पदर खोचून मोटारीच्या मागच्या फळीवर चढली होती आणि ओल्या गोणपाटाखाली झाकलेल्या तीन पसरट पराती एकेक करून सावलीला ओढत होती.

तेवढ्यात एक उंच, सावळा तरुण विहिरीवरून भरलेली बादली घेऊन मोटारीकडे आला.

"अहो, ती बादली इकडं द्या," मुलगी म्हणाली.

तो थांबला. "मोटारीसाठी आनली बाई. तहानेनं मरून राह्यली ते."

"मोटार मेली तर दुरुस्त होते. ही मेली तर माझं वर्ष जातं. द्या लवकर!"

आता अशा आवाजात कुणी काही मागितलं, तर माणूस एकतर चिडतो नाहीतर देऊन टाकतो. त्यानं देऊन टाकली. तिनं गोणपाट बाजूला केलं. खाली काळ्या मातीत चार बोटं उंच, कोवळी हिरवीगार ज्वारी उगवलेली. ती ओंजळीनं पाणी शिंपडायला लागली... आणि तो बादली धरून बघत राहिला. ज्वारीकडे बघत होता म्हणायचं, पण ज्वारी त्यानं जन्मभर पाहिलेली होती.

"घट मांडले काय मोटारीत?" त्यानं विचारलं.

"घट नाहीत. प्रयोग आहे."

"मंग देवी कोनती?"

"देवी नाही. विद्यापीठ."

"अस्सं? तिची आरती कोन म्हनते?"

हसायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. ओठ घट्ट दाबले, पण गालाला खळी पडायची ती पडलीच. मग रागानं म्हणाली, "तुम्ही तुमच्या मोटारीला पाणी पाजा."

"पाजतो ना. हे उरलं तर." त्यानं बादली वाकडी करून दाखवली. तळाशी ओंजळभर पाणी होतं. तो पुन्हा विहिरीकडे वळला, आणि जाता जाता वळून म्हणाला, "माहं नाव उद्धव. पुन्हा तहान लागली त हाक मारजा."

"कुणाला तहान? ज्वारीला?"

"कोनाले बी," तो म्हणाला.

ही शैलजा. बुलढाण्याच्या भालचंद्रपंत राजूरकर मास्तरांची थोरली लेक. एकोणीसशे अडतीस साल ते. मुलगी मॅट्रिक झाली तरी आळीत पेढे वाटायचे, आणि ही तर नागपूरला एम.एस्सी. करत होती. नातेवाईक पेढे खाऊन मास्तरांना विचारायचे, "आता हिच्यासाठी नवरा कुठं शोधणार, विलायतेत?" मास्तर बिचारे वरवर हसायचे आणि घरी येऊन गप्प बसायचे. शेवटी अकोल्याच्या एका वकिलांचं स्थळ आलं. तेव्हा बापलेकीत करार झाला. देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत विद्यापीठाचं प्रदर्शन भरणार होतं. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी आपापलं संशोधन लोकांसमोर मांडायचं, दसऱ्याला परीक्षक येणार, आणि ज्याचं काम पसंत पडेल त्याला आणखी एक वर्ष संशोधनाची शिष्यवृत्ती. ती शैलजाला मिळाली तर वर्षभर लग्नाचं नाव काढायचं नाही. नाही मिळाली, तर दसऱ्यानंतर अकोल्याचे लोक येतील आणि तिनं मुकाट्यानं साखरपुड्याला पाटावर बसायचं. मुकाट्यानं हा शब्द मास्तरांनी मुद्दाम घातला होता. आपल्या लेकीला ते ओळखून होते.

आणि काम तरी काय, तर ज्वारीचं बियाणं! आपल्या बायका सोंगणीच्या आधी उभ्या शेतात फिरतात, टपोरी कणसं हेरतात, आणि ती बियाण्यासाठी चुलीवरच्या आढ्याला टांगून ठेवतात. वर्षभर धूर खात ती तिथं लटकतात. लोक म्हणायचे, जुनी खोड आहे. शैलजानं दोन वर्षं बावीस गावांतून बावीस बायकांकडून पत्रानं, शाळामास्तरांच्या हस्ते, ते बियाणं मागवलं आणि पेरून मोजलं. प्रदर्शनासाठी तिनं घटस्थापनेच्या दिवशी तीन पराती पेरल्या, प्रत्येकीत मोजून शंभर दाणे. पहिलीत बाजारातलं बी, दुसरीत कणगीत साठवलेलं, तिसरीत बायकांच्या धुरावरचं. सातव्या दिवशीच पहिली परात टक्कल पडल्यासारखी दिसत होती आणि तिसरीत बोट घालायला जागा नव्हती.

अष्टमीला सकाळी देऊळगावच्या शाळेत प्रदर्शन उघडलं. शैलजा आत्याच्या घरून लवकर आली, पराती मांडल्या, तक्ते टांगले. तेवढ्यात स्वागत समितीचे चिटणीस अर्जुनराव आले. रेशमी फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी. माणूस बोलायला गोड.

"शैलाताई, तुम्ही आमच्या पाहुण्या. बायकांची वेळ दोन ते चार. त्या वेळात तुम्ही बिनधास्त उभ्या राहा. एरवी पुरुषांची गर्दी, धक्काबुक्की... तुम्ही आपलं मागं बसा. आमचा पुतण्या हिंमतराव तुमच्याच वर्गातला ना? तोच सांगेल सगळं. आवाजही खडा आहे त्याचा."

"आणि परीक्षक कधी येणार?"

"दसऱ्याला, सकाळी दहाला."

"म्हणजे पुरुषांच्या वेळेत."

"आता वेळ काय आपण ठरवतो?" अर्जुनराव हसले.

हिंमतराव शेजारीच छडी घेऊन उभा होता. त्यानं घसा साफ केला आणि आलेल्या पाचसहा जणांना तक्ता दाखवायला सुरुवात केली. "तर मंडळी, हे आहे आपल्या अडाणी बायाबापड्यांच्या जुन्या समजुतींचं एक गमतीदार—"

शैलजा उठली. सरळ त्याच्यासमोर गेली आणि त्याच्या हातातली छडी काढून घेतली. ओढून नाही, भांडून नाही. आपली वस्तू आपण घ्यावी तशी.

"समजूत नाही, बियाणं आहे. आणि गमतीदार काही नाही," ती म्हणाली. "अर्जुनकाका, काम माझं आहे. तोंड मला देवानं दिलंय. बोलणार मीच."

अर्जुनरावांचा चेहरा क्षणात उतरला. "मी मास्तरांना तार करतो," एवढंच ते म्हणाले आणि काठी आपटत गेले.

करा म्हणावं तार! शैलजानं छडी सोडली नाही. फक्त एक झालं. तरणीताठी मुलगी छडी घेऊन उभी, म्हटल्यावर कोणी जवळ येईना. माणसं पाच पावलांवर थांबायची, तिरकं बघायची आणि शेजारच्या टेबलावरच्या सापाच्या बरणीकडे वळायची. तासभर ती भिंतीशी बोलावं तशी उभी होती.

आणि मग दारातून आवाज आला. "मोटारीतले घट हेच काय?"

उद्धव! डोक्याला पटका, खांद्यावर उपरणं. तो सरळ टेबलाशी आला, कोपरं टेकली आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाई, हे धुरावरचं बियानं माही माय तीस वर्स झाले ठेवून राह्यली. तिनं त एम.एस्सी. नाही केलं!"

लोकांनी माना वळवल्या.

"म्हणूनच मला करावं लागलं," शैलजा म्हणाली. "तुमच्या आईचं तुम्ही तीस वर्षांत कधी ऐकलंत?"

हशा पिकला. चार माणसं पुढं सरकली.

"आयकलं ना. पन मी बाजारचं बी घेतलं त काय बिघडते?"

"मोजा." तिनं पहिल्या परातीवर छडी ठेवली. "शंभर पेरले, उगवले एक्केचाळीस. बाकीचे एकोणसाठ दाणे तुम्ही मातीला जेवायला घातलेत."

"आन् तिसऱ्यात?"

"चौऱ्याण्णव."

"चौऱ्याण्णव!" उद्धवनं असं तोंड केलं की जणू पहिल्यांदाच ऐकतोय. मागच्या माणसांनी "पाहू, पाहू" म्हणत टेबल गाठलं. दुपारपर्यंत सापाच्या बरणीपुढं एक माणूस उरला नाही.

गर्दी ओसरल्यावर शैलजा हळूच म्हणाली, "तुम्ही मुद्दाम केलंत हे."

"काय केलं? अडान्याले प्रश्न पडला, इचारला."

"तुम्ही कुठले अडाणी? कुठवर शिकलात?"

"मॅट्रिक. बाप गेला, मंग शेती पाहा लागली." मग डोळे बारीक करून म्हणाला, "उद्या बी येऊ काय? माह्यापाशी अजून लय अडानी प्रश्न आहेत."

"प्रदर्शन सगळ्यांना खुलं आहे," शैलजा म्हणाली आणि तक्ता सरळ करायला लागली. तो आधीच सरळ होता.

नवमीला तो आला तो आईला घेऊन. गोजरबाई. काटक बाई, कपाळावर हिरवं गोंदण, डोक्यावरून पदर. दुसरबीडच्या सातआठ बायकाही बैलगाडीतून तिच्याबरोबर आलेल्या. शैलजानं तिला तिसऱ्या परातीपाशी नेलं आणि म्हणाली, "मावशी, यात तुमचंही बी आहे. दुसरबीडच्या शाळेतून आलं होतं."

गोजरबाईनं रोपांवरून तळहात फिरवला. मग शैलजाच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "माय वो... आमी हे आमच्या सासूच्या धाकानं केलं. कोनी इचारलं बी नाही काऊन करता म्हून. तूनं मोजलं?"

"एकेक दाणा मोजला."

"जेवत जा थोडी," गोजरबाई म्हणाली. "हाडं दिसून राह्यले."

चारच्या सुमाराला आभाळ एकदम भरून आलं आणि हस्ताचा पाऊस कोसळला. पत्र्यावर असा ताशा वाजायला लागला की कोणाचं कोणाला ऐकू येईना. खिडकीतून झड आत येऊन परातींवर पडायला लागली. उद्धवनं खांद्यावरचं उपरणं काढून खिडकीला बांधलं, शैलजानं पराती भिंतीकडे ओढल्या, आणि दोघं धापा टाकत एकाच वेळी सरळ झाली... आणि अगदी समोरासमोर उभी राहिली. त्याच्या भुवईवर पावसाचा थेंब होता. तो पुसावा असं तिच्या बोटांना वाटलं. तिनं बोटं मुठीत मिटली.

"अकोल्याचं काय ठरलं?" तो एकदम म्हणाला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या आत्यानं माह्या मायले सांगतलं. बायायच्या गोष्टी, मी बाजूले उभा होतो."

"उद्या ठरेल. परीक्षकांना काम पसंत पडलं तर नाही. नाही पडलं तर... हो."

"आन् तुमाले काय पसंत आहे?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. मास्तरांनी नाही, आईनं नाही. बाईमाणूस म्हणून तिनं काय करायचं ते सगळे सांगतच आले होते. पाऊस पत्र्यावर धडधडत होता.

"तुमच्या घरी काय म्हणतील?" शेवटी तिनंच विचारलं. तिचा तिलाच भरवसा वाटेना की हे आपण बोललो. "म्हणजे... कुणी उद्या... समजा..."

"समजा?"

"समजा काही नाही! जा तुम्ही."

"पाऊस आहे," उद्धव म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "खरं सांगू? तुमी मास्तर-भटजीच्या घरच्या, आमी कुनबी. मी काई बोललो त लोक म्हनतीन, हा पाहा, टेबलाशी गोड बोलून पोरगी नादी लावली. म्हून मी बोलत नाही. जे बोलायचं ते तुमीच बोलजा. बोलाचं असन त."

"आणि नसेल तर?"

"त मी दरसाल प्रदर्शन पाहाले येईन," तो म्हणाला आणि हसला. पण ते हसू काही धड जमलं नाही.

दसरा उजाडला. आता काय घडलं ते ऐका, कारण हे आपल्याकडेच घडू शकतं.

शाळेचा जुना शिपाई शालिग्राम हा भाविक माणूस. दसरा म्हणजे अवजारांची, शस्त्रांची पूजा. शाळेत आज एवढी यंत्रं मांडलेली! त्यानं पहाटे अंघोळ करून सूक्ष्मदर्शकाला झेंडूचा हार घातला, तराजूला कुंकू लावलं, आणि शैलजाच्या तीन परातींना हळद-कुंकू वाहून पुढं उदबत्ती लावली. मनोभावे नमस्कार केला आणि आठ वाजता दार उघडलं.

यात्रेची माणसं बालाजीचं दर्शन घेऊन तिकडूनच आत शिरली. बघतात तर काय, हळद-कुंकू वाहिलेले घट! दसऱ्याला घट हलतात, आणि घटातले तुरे कोणी पटक्यात खोवतं, कोणी अंबाड्यात. देवीचं देणं ते. पहिल्या माणसानं हात जोडले, दाट होती त्या परातीतून एक रोप मुळासकट उपटलं आणि पटक्यात खोवलं. मग दुसऱ्यानं. मग तिसऱ्यानं. शालिग्राम शेजारी उभा राहून कौतुकानं सांगत होता, "घ्या, घ्या, एकेकच घ्या."

शैलजा नऊला आली तेव्हा तिसरी परात भुंडी झालेली होती. पाच रोपं कशीबशी कडेला उभी, बाकी नुसती उकरलेली माती. पहिली आणि दुसरी मात्र जशीच्या तशी.

ती मटकन बाकावर बसली. दोन वर्षं... बावीस गावं... आणि परीक्षक तासाभरात! तिला रडू फुटलं. लोकांसमोर, शाळेत, पदर तोंडाला लावून ती रडली.

"मी सांगितलं होतं," अर्जुनराव मागून म्हणाले. आवाजात समाधान होतं, तेही लपवायला त्यांनी फार कष्ट घेतले नाहीत. "जत्रेत हे व्हायचंच. तुम्ही घरी जा, ताई. हिंमतराव तक्त्यावरून दोन शब्द बोलेल. दुपारच्या मोटारीनं मास्तरही येताहेत."

शालिग्राम दोन्ही कान धरून उभा होता. "बाई, मी पापी... मले वाटलं..."

आणि उद्धव आला. पटक्यात तुरा नव्हता. त्यानं रिकामी परात पाहिली, तिच्याकडे पाहिलं. रडू नका असं तो म्हणाला नाही. म्हणाला, "रोपं गेले कोठी? सगळे त यात्रेतच फिरून राह्यले. लोकायच्या डोक्स्यावर."

शैलजानं डोळे पुसले. एकदा परातीकडे पाहिलं, एकदा दाराबाहेरच्या मैदानाकडे. हिरवे तुरे! पटक्यांत, टोप्यांत, अंबाड्यांत, चहूकडे.

"तुमचा आवाज किती लांब जातो?" तिनं विचारलं.

"शेतात हाक मारतो त सिंदखेडले आयकू जाते."

"मारा."

दहा वाजता परीक्षक आले. चष्मा, काळा कोट, करडा चेहरा. शाळेच्या मैदानात त्यांनी जे पाहिलं ते त्यांनी कुठल्याच प्रदर्शनात पाहिलं नसेल. तुरे खोवलेली माणसं ओळीनं उभी. आणि बाकावर चढून, हातात छडी घेऊन, एक मुलगी त्यांच्याशी बोलत होती.

"ही काय व्यवस्था आहे?" परीक्षकांनी अर्जुनरावांना विचारलं.

"साहेब, जरा गोंधळ झालाय. हिंमतराव सांगेल—"

"हिंमतराव नाही सांगणार," शैलजा बाकावरूनच म्हणाली. "काम माझं आहे. प्रश्न मला विचारा."

अर्जुनरावांची काठी हवेतच राहिली. गर्दीतून गोजरबाईचा आवाज आला, "बराबर हाय! पेरलं तिनं, त सोंगन बी तेच!"

परीक्षकांनी चष्मा पुसला. "बरं. सांगा."

तिनं सांगितलं. काही लपवलं नाही. पराती कशा पेरल्या, रोज सकाळी काय मोजलं, आज काय झालं. मग म्हणाली, "माझ्या वहीत तिसऱ्या परातीचा आकडा चौऱ्याण्णव आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. मोजा."

परीक्षक खरंच ओळीतून चालत गेले. प्रत्येकाला विचारत, "कोणत्या परातीतला?"

"तिसऱ्या, साहेब."

"तीच का?"

"आता घ्या! पह्यलीत होतं काय? विरळ आन् पिवळं. देवीचा तुरा कोनी मरतुकडा घेते काय?"

ओळ संपली. एक्क्याऐंशी तुरे. परातीत पाच. परीक्षक वहीवर बोट ठेवून म्हणाले, "शहाऐंशी. आठ कमी आहेत."

"एक माह्या बैलाच्या शिंगाले बांधला, साहेब!" मागून कोणीतरी ओरडलं. "दोन आमच्या घरी गेले, लोणारले," एक बाई म्हणाली. परीक्षकांचा करडा चेहरा पहिल्यांदा हलला.

"राहू द्या. बैलाला साक्षीला नको बोलवायला." मग ते शैलजाकडे वळले. "धुरानं कीड लागत नाही, हे समजलं. पण चौऱ्याण्णव केवळ धुरामुळं?"

"नाही. बी निवडतात त्यामुळंही. बाजारचं बी खळ्यावरच्या राशीतून येतं. या बायका ज्वारीचं ताट शेतात उभं असताना कणीस हेरतात. कोणतं ताट निरोगी, कोणतं खुरटं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. धूर नंतरचा. आधी नजर."

परीक्षकांनी वही मिटून तिला परत दिली. मग खिशातून पेन काढलं. "शिष्यवृत्तीच्या शिफारशीत नाव काय लिहू?"

"शैलजा भालचंद्र राजूरकर. आणि खाली बावीस बायकांची नावं लिहायची आहेत. मी सांगते. पहिली, गोजरबाई पुंजाजी, मुक्काम दुसरबीड."

गोजरबाईनं पदर तोंडावर ओढला. आपलं नाव कागदावर, तेही विद्यापीठाच्या! ती हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच ठाऊक.

हे सगळं आणखी एका माणसानं पाहिलं होतं. यात्रेमुळं त्या दिवशी सकाळचीही एक मोटार सोडली होती, तिनंच येऊन भालचंद्रपंत मास्तर छत्री बगलेत धरून फाटकाशी उभे होते. पोरगी बाकावर चढलेली, हजार माणसांसमोर बोलणारी. त्यांनी तिला हाक मारली नाही. संध्याकाळी मोटारतळावर, परतीच्या मोटारीत बसायच्या आधी, ते पहिल्यांदा बोलले.

"अकोल्याच्या वकिलांचे मामा आले होते यात्रेला. त्यांनी पाहिलं तुला. म्हणाले, आम्हाला सून हवी आहे, पुढारी नको."

"बरं झालं," शैलजा म्हणाली.

"बरं झालं?" मास्तरांचा आवाज चढला. "वर्षभर शिक, मी शब्द मोडणार नाही. पण पुढं? कोण करील तुझ्याशी लग्न?"

उद्धव तिन्ही पराती एकावर एक घेऊन आला होता. टपावर चढवून तो खाली उतरला आणि चार पावलं मागं, आईशेजारी जाऊन उभा राहिला. काही बोलला नाही. त्यानं म्हटलंच होतं, मी बोलणार नाही. आता मोटारीत माणसं बसलेली, खिडक्यांतून डोकी बाहेर, कंडक्टर शिटी तोंडात धरून थांबलेला. एरवी अशा वेळी मुली नखानं माती कोरतात.

शैलजा वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उद्धवराव, पुढच्या प्रयोगाला मला दीड एकर शेत लागणार आहे. दुसरबीडलाच हवं. आणि शेताचा धनीही हवा... वर्षभरासाठी नाही. कायमचा. माझी पसंती तुम्ही विचारली होती ना? ही माझी पसंती. तुमची आहे का?"

मोटारीतली सगळी डोकी उद्धवकडे वळली.

आणि काय सांगावं! चार दिवस ज्याच्या जिभेला हाड नव्हतं, तो उद्धव खांबासारखा उभा. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आवाज म्हणून फुटेना. शेवटी गोजरबाईनं त्याच्या बरगडीत कोपर मारलं. "बोल ना बे! तोंडात काय गूळ धरला?"

"हाव," उद्धव म्हणाला. मग पुन्हा एकदा, मोठ्यानं, "हाव!"

खिडक्यांतून हशा उसळला. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "शैले, त्यांच्यात आणि आपल्यात... लोक काय म्हणतील याचा विचार—"

"केला, बाबा. लोक आज सकाळपासून म्हणताहेत. मी जिवंत आहे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

शैलजाचे डोळे भरून आले, पण नजर तिनं खाली घातली नाही. "तर मला वाईट वाटेल. फार वाईट वाटेल. पण वर्षानं कचेरीत जाऊन रजिस्टर लग्न करीन. तुम्ही आलात तर तुमच्या पाया पडून, नाही आलात तर घराकडं तोंड करून."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग उद्धवकडे. उद्धव पुढं आला आणि वाकून त्यांच्या पाया पडला. मास्तरांनी आशीर्वाद दिला नाही, पण पायही मागं घेतला नाही. त्यांनी छत्री एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली आणि मोटारीची पायरी चढले.

"चल, बस लवकर," ते आतून म्हणाले. "ही सगळी मोटार बुलढाण्याला उतरणार. तुझ्या आईला हे दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ती मला घरात घ्यायची नाही."

शैलजा खिडकीशी बसली. कंडक्टरनं शिटी मारली. उद्धव मोटारीबरोबर चालायला लागला, मग झपझप, मग जवळजवळ पळत.

"पत्र लिहू काय?" त्यानं ओरडून विचारलं. "मले तुमच्यावानी शुद्ध लिहिता येत नाही!"

"जसं बोलता तसंच लिहा," शैलजा खिडकीतून अर्धी बाहेर वाकून ओरडली, बापाच्या शेजारी बसून, अख्ख्या मोटारीच्या देखत. "आणि रोज लिहा!"